आपण कुठे आहोत

रविवारची अख्खी दुपार देवव्रतने प्रॉम्प्ट सजवण्यात घालवली. कॉम्प्युटरच्या काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करायच्या आधी दर ओळीला जो मजकूर आपोआप उमटतो, त्यात त्याला सगळं हवं होतं. आपण कुठल्या मशीनवर आहोत, कुठल्या फोल्डरमध्ये आहोत, आणि तेही बोटभर जागेत.

"दर ओळीला तेच तेच कशाला रे?" त्याच्या बायकोने, श्वेताने, चहा ठेवत विचारलं.

"अगं, चार मशीनवर एकदम काम चालतं. आपण कुठे आहोत तेच विसरायला होतं. मग भलत्याच ठिकाणी काही केलं की वाट लागते."

तेवढ्यात झोपेतून उठलेले बाबा दारात आले. पार्ल्याची जागा सोडून मुलुंडला आल्यापासून दुपारी उठले की ते गोंधळायचे.

"देवू, आपण कुठे आलोय रे?"

"मुलुंडला, बाबा. आपलं नवं घर."

बाबा खिडकीतून डोकावून परत आले. "हे पार्लं नाही ना रे?"

"किती वेळा सांगायचं? आत्ताच सांगितलं ना!" स्क्रीनवरची नजर न काढताच तो खेकसला.

"बरं बरं. नाही विचारत." भिंतीला धरत बाबा आत वळले. श्वेता त्यांच्यामागे गेली.

त्याचे कान गरम झाले. काहीतरी करायचं म्हणून त्याने नुसतंच एंटर दाबलं.



तो कुठे आहे, ते स्क्रीनने पुन्हा एकदा सांगितलं. जराही न चिडता.