एकविसाव्या दिवशीचा फोटो

दोन फोटोंमधले कान एकाच बाळाचे नव्हते.

तिने चौथ्यांदा भिंग लावून पाहिलं. पहिल्या दिवशीच्या फोटोत सशासमोर बसून रडणाऱ्या बाळाच्या कानाची पाळी गालाला चिकटलेली होती. एकविसाव्या दिवशीच्या फोटोत तोच ससा कुरवाळत हसणाऱ्या बाळाची पाळी सुटी, लोंबती होती. तीन आठवड्यांत भीती जाईल एकवेळ, पण कानाची पाळी बदलत नाही.

हे निनावी बाळ बालमानसशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात होतं. अनाथालयातलं, चौदा महिन्यांचं. पन्नास वर्षांपूर्वी त्याच्यावरून एक उपचार ठरला: मूल ज्याला घाबरतं त्याच्यासमोर रोज वीस मिनिटं एकटं बसवायचं, जवळच्या माणसाला दाराबाहेर ठेवायचं. एकविसाव्या दिवशी भीती संपते. ती ज्या दवाखान्यात नोकरी करत होती, तिथे हाच उपचार चालायचा. सध्या तिच्याकडे कुत्र्याला घाबरणारी तीन वर्षांची मुलगी येत होती. अठरा दिवस झाले होते. रडून रडून पोरीचा आवाज बसला होता. रोज तिच्या आईला बाहेर काढून दाराला कडी घालायचं काम हिचंच होतं.

"सर, ही दोन वेगळी मुलं आहेत," ती म्हणाली.

सरांनी फोटोंकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुला उपचारासाठी ठेवलंय, कान तपासायला नाही. तीन दिवस राहिलेत. ते बाळ हसलं, तुझंही हसेल."

ते बाळ खरंच हसलं होतं का, एवढंच तिला सोमवारी, एकोणिसाव्या दिवसाच्या आत, कळायला हवं होतं. नसेल, तर उरलेले तीन दिवस त्या पोरीला रडवायचं कशासाठी?

अनाथालयाचे जुने हजेरीपट चाळल्यावर त्या खोलीवर नेमलेल्या आयाचं नाव सापडलं. रविवारी सकाळी ती पत्ता काढत चाळीस पायऱ्यांचा जिना चढून एका दाराशी पोचली. दार उघडलं ते पन्नाशीच्या, हात ग्रीसने माखलेल्या एका मेकॅनिकने. तिची नजर आपसूक त्याच्या कानावर गेली.

"ऐकू येतं मला," तो म्हणाला. "मोठ्याने बोलायला लागणार नाही. आई, तुझ्याकडे पाहुणी आलीय गं!"

म्हातारी पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मुलगा चहा टाकायला आत गेला. हिने दोन्ही फोटो चादरीवर ठेवले आणि विचारलं, "मावशी, या बाळाचं पुढे काय झालं?"

म्हातारीने फोटो हातभर लांब धरून पाहिले.

"कोणता हवाय तुला, रडणारा की हसणारा?"

हिने हसणाऱ्या बाळाकडे बोट दाखवलं.

"हसणारा तो काय, आत भांडी आपटतोय. माझा पोटचा." म्हातारीने एक घडी मोडून पुन्हा घातली. "विसाव्या दिवशी त्या लेकराच्या पोटात पाणी ठरेना. दुसऱ्या दिवशी मोठे लोक यायचे होते, फोटो काढायचा होता. प्रयोग करणाऱ्या साहेबांचा मदतनीस म्हणाला, उद्या पोर रडलं तर परवापासून कामावर येऊ नकोस. माझा मुलगा त्याच्याच वयाचा. केस भादरले, तसलाच पांढरा झगा घातला आणि नेऊन बसवला. साहेबांना काय, सगळी टकली पोरं सारखीच!"

"आणि तो एकटा बसला? रडला नाही?"

"एकटा कुठला? फोटोवाला म्हणाला, पोर हलतंय, अंगावर चादर ओढून त्याला मांडीवर धरून बसा. हे कमरेपाशी दिसतंय ना, ती माझी बोटं. आईच्या मांडीवर होता, रडेल कशाला?"

हिने भिंग लावलं. इतकी वर्षं तिने त्या बोटांना झग्याची चुणी समजून सोडून दिलं होतं.

"आणि हा?" तिने पहिल्या फोटोवर बोट ठेवलं. "याचं काय झालं?"

"याचं काय होणार? फाइलवर 'अतिभित्रा' असा शेरा पडला होता. तीन वेळा माणसं घरी न्यायला आली. मांडीवर घेतलं, खेळवलं. मग फाइल वाचली आणि दुसरं पोर घेऊन गेली. अठराव्या वर्षी त्याच्या हातात पिशवी दिली आणि फाटक लावलं. मी पुष्कळ शोधलं. माझा मुलगाही गॅरेजवाल्यांना विचारत फिरला. नाही सापडला."

चहाचे कप आले. कुणी हात लावला नाही.

"पण मावशी, इतका घाबरायचा सशाला, तर तुम्ही आत जाऊन उचललं का नाही?"

"जवळच्या माणसाला मनाई होती ना! आणि त्याला जवळचं माणूस कोण? पाच दिवसांचा होता तेव्हापासून तो माझ्याच कडेवर." म्हातारीने फोटो तिच्यापुढे सरकवला. "आणि सशाला कोण घाबरत होतं, पोरी? ससा त्याच्या पायाशी बसलाय. त्याचे डोळे बघ की. तो दाराकडे बघून रडतोय."