वेगाचा पंखा

जुन्या विमानाला नवं, दांडगं इंजिन बसलं, तेव्हाच अण्णांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. साखर कारखान्याच्या माळावर रविवारी दोन घिरट्या घालायच्या, त्याला एवढी ताकद कशाला?

आज त्यांची लेक शलाका त्या इंजिनावर पंखा चढवत होती, आणि तोही भलताच, हे अण्णांना पात्यावरून हात फिरवताच कळलं. हँगरमध्ये दोन लाकडी पंखे होते. पात्यांना कमी पीळ असलेला विमानाला चटकन वर उचलतो. जास्त पिळाचा उठायला लांब धाव मागतो, पण वर गेल्यावर वेग देतो. इथली धावपट्टी आखूड, टोकाला विजेच्या तारा. इथंच उडायला शिकलेल्या पोरीनं वेगाचा पंखा उचलला होता.

"हा लावून इथनं दर रविवारी कशी उठणार गं?"

"नवं इंजिन आहे ना." तिनं मान वर केली नाही.

"दर रविवारी उठायचंच नाहीये तुला. विमान विकलंस ना? गिऱ्हाईक कुठलं?"

पाना थांबला. "नागपूरचं. तुमची नजर गेली, अण्णा, आणि मला एकटीला हे झेपत नाही. आज दुपारी पोचवायचंय. त्यांना हाच पंखा हवाय."

अण्णा बाहेर गेले. चेहऱ्यावर ऊन घेत, तापलेली हवा अंदाजत उभे राहिले. परतले ते भिंत चाचपत, आणि कमी पिळाचा पंखा छातीशी धरूनच तिच्याजवळ आले.

"तो काढ. मी गाडीनं पाठवतो नागपूरला. या उन्हात हवा विरळ झालीय, तारा ओलांडायच्या तर हाच लागेल." त्यांनी हात पुढे केला. "आणि पाना इकडं दे, मीच आवळतो. आज तुझ्यावर माझा विश्वास नाही."