चेटकिणींचा जावई

अंगणात आई आणि काकू तेंदूपत्त्याची पुडकी बांधत होत्या. मी त्यांना इंग्रजी कादंबरी मराठीत वाचून दाखवत होते. चेटकिणींच्या घरातली मुलगी जादू न येणाऱ्या साध्या मुलाच्या प्रेमात पडते, पण घरी सांगायला घाबरते. “चेटकीण असून मायले भेते!” काकू हसली. मी रंगात येऊन पुढे वाचलं, “तेवढ्यात तो सिंदेवाहीहून गाडीवर आला. त्याच्या शर्टाला धानाचा वास होता.” आईचा हात थांबला. “तुया इंग्रजी पुस्तकात सिंदेवाही कुठून आली?” मी घाईने पान उलटलं. तिथल्या धान संशोधन केंद्रातल्या निकेशबद्दल घरी कुणालाच माहीत नव्हतं. “वाच ना,” आई म्हणाली. “पोरीच्या घरचे हो म्हन्तेत का नाई?” “ते तूच सांग,” मी म्हटलं. आईने पुडकं बांधायच्या वाकाचा दोर दातांनी तोडला. “इतवारी बोलाव त्याले. जादू नाई आली तं चालते. पुडकं बांधता येते का, पाहू.”