मुद्दाम केलेली चूक

पुरस्कार मिळाल्यापासून केळुसकरसरांशी कुणी भांडेनासं झालं होतं आणि तेच त्यांना सलत होतं. पूर्वी संस्थेतल्या बुधवारच्या चर्चेत दुसरी ओळ पुरी व्हायच्या आत कुणीतरी त्यांच्या हातातला खडू हिसकावून घेई. आता सगळे नुसते माना डोलवत. हा आदर नव्हे, ही मंडळी आपल्यापासून काहीतरी लपवताहेत, असं सरांना राहून राहून वाटे.

शेवटी त्यांनी परीक्षाच घ्यायचं ठरवलं. त्या बुधवारी त्यांनी फळ्यावर पहिल्या ओळीत पुरस्कार मिळवून देणारं आपलं समीकरण लिहिलं आणि तिसऱ्या ओळीत, उणे हवं तिथं, मुद्दाम अधिक ठोकून दिलं. शाळकरी पोरालाही दिसावी अशी चूक! मग वळून ते एकेकाचा चेहरा न्याहाळू लागले. बाराच्या बारा जण ती निमूटपणे वहीत उतरवून घेत होते.

"काही शंका?" त्यांनी दरडावून विचारलं.

गेल्याच महिन्यात रुजू झालेली फुलारी मागच्या बाकावरून उठली. "सर, एक चिन्ह चुकलंय."

सरांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी खडूच तिच्यापुढे धरला. "चला, एक तरी निघाली! ये, कर दुरुस्त तिसरी ओळ."

"तिसरीही चुकलीय, सर," ती चाचरत म्हणाली, "पण मी पहिलीबद्दल म्हणत होते."

सरांनी बाकीच्यांकडे पाहिलं. आश्चर्य कुणालाच वाटलेलं नव्हतं. उरलेल्या अकराही माना वह्यांत खाली गेल्या होत्या.