दप्तराची तक्रार

सेलूच्या मोंढ्यात वीस वर्षं पोती वाहिलेल्या सटवाजीनं लेकीला शाळेत घातलं ते एवढ्यासाठीच, की निदान तिच्या पाठीवर ओझं येऊ नये. पाचवीतच निकिता दप्तराखाली कमरेत वाकून चालू लागली, तेव्हा कामाचा खाडा करून तो हेडमास्तरांपुढं उभा राहिला.

"सर, पोरीची पाठ लय दुखायलीय. दप्तर तेवढं हलकं करा."

"तुम्ही काय करता, सटवाजीराव?"

"हमाली."

"अहो, मग तुमच्यापेक्षा जाणकार माणूस आम्हाला कुठं सापडायचा!"


शनिवारी शाल-नारळ देऊन हेडमास्तरांनी सटवाजीला शाळेतल्या सगळ्या पोरांपुढं उभं केलं. ओझं कसं उचलावं हे त्यानं खाली मान घालून दाखवलं, आणि सगळ्यांच्या आधी ते निकिताला जमलं.