फाट्यापर्यंतची खात्री

पिंपळफाट्यावर थांबून बसने सांगितलं, "शेवटचा थांबा. बस इथून मागे वळेल."

चालक नव्हताच. कोणती गाडी कुठवर जाणार, हे प्रवाशांचा अंदाज बांधणारं मॉडेल रोज पहाटे ठरवत असे. त्याच्या हुकमाशिवाय तालुक्यात एक चाक फिरत नसे.

"अगं बाई, आम्हाला पुढं जायचंय," गोदाक्का बसमधल्या स्क्रीनकडे बघत म्हणाली. शेजारी तिची सून रेवती पोट धरून बसली होती. कळा सकाळीच सुरू झाल्या होत्या आणि दवाखाना अजून अठरा किलोमीटर लांब होता.

"कुसरवाडीचे प्रवासी फाट्याच्या पुढे जात नाहीत," बस म्हणाली. "अंदाजाची खात्री शंभर टक्के."

हे कशामुळे, ते गोदाक्काच्या लक्षात आलं. प्रवासी कमी म्हणून कुसरवाडीची बस बंद होणार अशी कुणकुण लागली, तेव्हा तिनेच बायकांच्या पाळ्या लावल्या होत्या. रोज सहाजणींनी बसमध्ये बसायचं, फाट्यावर उतरायचं आणि गप्पा मारत चालत घरी यायचं. वर्षभरात एकही पाळी चुकली नव्हती.

"आधी तर दवाखान्यापर्यंत जायचीस की!"

"तेव्हा तुमचा काही नेम नव्हता," बस म्हणाली. "कोणी पुढे जाईल की नाही हे सांगता येत नसे, म्हणून जावं लागे."

फाट्यावर सहाजणी उतरणार, हाच आजचाही अंदाज होता. पाळीच्या चौघी खाली उतरून गोंधळून उभ्या होत्या. उरलेल्या दोघींसाठी बस दार उघडं ठेवून शांतपणे थांबली.