देवधानाची जागा

नव्या सरकारच्या साहेबाने रुख्माबाईच्या छपरीत नकाशा पसरला आणि देवधान कुठे उगवतं ते विचारलं. रुख्माबाईने, आपण नावही ऐकलं नाही, असं सांगून त्याला चहा दिला.

दोन दिवस गावातल्या सगळ्याच बायका त्याला असं फिरवत होत्या. एकीने चिचगडच्या जंगलात धाडलं. तिथून तो पायाला चिकटलेल्या जळवा घेऊन परतला. तरी भला माणूस. निघताना रुख्माबाईच्या सुनेला, वच्छलाला, समजावून गेला की ही रानटी साळ म्हणजे आपल्या धानाची आजी. तिला कुणी पेरत नाही. दाणा पिकला की आपसूक चिखलात गळतो आणि पुढच्या पावसाळ्यात उगवतो. कोणकोणत्या डबक्यांत ती अजून आहे, तिथे त्याला ठिपके द्यायचे होते. या गावावर ठिपका पडलाच नाही.

बायकांचंही खरं होतं. हलषष्ठीला आई लेकाच्या आयुष्यासाठी उपास धरते आणि नांगर न लागलेल्या जमिनीतलंच खाते. देवधान मिळतं मूठ-दोन मुठी. म्हणून जिची तिची जागा गुपित. सुनेला लेक झाला की मगच सासू तिला ती दाखवणार.

वच्छलाला लग्नाच्या सहा वर्षांत मूल झालं नव्हतं. तिचा नवरा टिकाराम आज सालेकशाला दुसरी मुलगी पाहायला गेला होता. त्याचा सदरा वच्छलानेच धुऊन दिला होता, नीळ घालून.

साहेबाची सायकल दिसेनाशी झाली. रुख्माबाईने टोपली उचलली. "चाल," म्हणाली.

मोहाच्या झाडांमागे डबकं होतं. काठाच्या पाण्यात तांबूस, लांब कुसळांच्या लोंब्या वाकल्या होत्या. जुडी हलक्या हाताने टोपलीत झाडायची, निम्मं पाण्यातच राहू द्यायचं, हे रुख्माबाईने काठावर बसूनच सांगितलं. तिचे गुडघे आता पाण्यात उतरू देत नव्हते. वच्छला उतरली. दोन जुड्या टोपलीत झाडल्या.

"मामीजी, मले काऊन दाखवून राहिल्या? मी कोणासाठी उपास धरू?"

"टिकारामसाठी. अठ्ठावीस वर्सं मी धरला, आता तू धर." रुख्माबाईने पायावरचा चिखल पुसला. "अन् त्यानं दुसरी आणली, तं हलषष्ठीले नांगराचा भात पोटभर जेव."